पोर्तुगीज पासपोर्ट आहे, पण आधी अमेरिकेचा व्हिसा नाकारलेला, तर ईस्टात काय लिहायचं?

तेरेखोल_काठ

मंडळी नमस्कार. जरा मोठं लिहितोय, पूर्ण वाचा आणि ज्याला नक्की माहीत आहे त्यानेच सांगा, कारण घरात गेले कित्येक दिवस ह्याच एका विषयावर वाद चालू आहे आणि बहिणीच्या डोळ्याला डोळा नाही.

आमची आई मूळची पेडण्याची, लग्न होऊन सावंतवाडीकडे आली. आजोबांचा जन्म पोर्तुगीज काळातला, १९ डिसेंबर १९६१ च्या कितीतरी आधीचा, नोंद व्यवस्थित सापडली, मग आधी आईचं नाव लिस्बनला घातलं आणि नंतर बहिणीचं, आणि तिने पोर्तुगीज पासपोर्ट काढला. भारतीय पासपोर्ट रीतसर सरेंडर केला, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) आलं, त्यात काही गडबड नाही. ती आता म्हापशाला नोकरी करते, तिकडेच राहते.

पण ह्या सगळ्याच्या बऱ्याच आधी, भारतीय पासपोर्ट असताना, तिने अमेरिकेच्या टुरिस्ट व्हिसासाठी मुंबईत मुलाखत दिलेली. न्यू जर्सीत मामा आहे, त्याच्याकडे जायचं होतं. तेव्हा नुकतं कॉलेज संपलेलं, नोकरी नाही. कोकणकन्येने रात्रभर प्रवास करून सकाळी बीकेसीला अमेरिकेच्या कॉन्सुलेटात जाऊन उभी राहिली, बाबांच्या नावचा सातबारा, बागेचे फोटो, बँकेचं स्टेटमेंट, सगळी जाड फाईल घेऊन. खिडकीतल्या बाईने विचारलं काय करतेस, कोणाकडे चाललीस, खर्च कोण करणार, आणि हिचं शेवटचं उत्तर पूर्ण व्हायच्या आत पासपोर्ट काचेखालून परत सरकवला, वर एक छापील कागद, कलम २१४ बी. फाईलचा बंद सोडायचीही वेळ आली नाही.

आता मामेभावाचं लग्न आहे तिकडे. पोर्तुगीज पासपोर्टला अमेरिकेचा व्हिसा लागत नाही, ऑनलाइन ईस्टा (व्हिसाऐवजी मिळणारी प्रवासाची परवानगी) भरायचं आणि जायचं, एवढंच आम्हाला माहीत होतं. एका एजंटकडे गेलो, तो फॉर्म भरत होता आणि मध्येच एक प्रश्न आला की तुम्हाला कधी अमेरिकेचा व्हिसा नाकारला गेलाय का. बहीण म्हणाली हो, तर त्याने लॅपटॉप आमच्याकडे वळवला आणि म्हणाला इथे 'नो' करूया, पासपोर्ट नवा, देश नवा, जुनं कोणाला दिसतंय. मी म्हटलं थांबा, सबमिट करू नका. फॉर्म तसाच ठेवून आलो.

बाबांचं म्हणणं एजंट रोज हेच करतो त्याला कळतं. माझं म्हणणं खोटं लिहायचं नाही. बहिणीला भीती ही की खरं लिहिलं तर कायमचंच दार बंद होईल, आणि अमेरिकाच नाही तर युरोप, इंग्लंड, सगळीकडे ते नाव लागेल. तिची नेमकी स्थिती काय आहे सांगा प्लीज.

मालवणी_माणूस

एजंटाचा आयकू नको रे बाबा. तेका तेची फी मिळाली काय तेचा काम झाला. विमानात तुझी भयण बसतली, तो नाय.

कागदपत्रवाली

तेरेखोल दादा, फॉर्म सबमिट केला नाहीत हे फार चांगलं केलंत. मी पणजीत बरीच वर्षं व्हिसाच्या कागदपत्रांचं काम केलंय, आणि आपल्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट झालेल्यांमध्ये हा घोटाळा फार होतो, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, तो प्रश्न नीट वाचा. त्यात नुसतं 'व्हिसा नाकारला का' एवढंच नाहीये. सध्याच्या किंवा आधीच्या पासपोर्टवर अर्ज केलेला अमेरिकेचा व्हिसा कधी नाकारला गेलाय का, किंवा अमेरिकेत प्रवेश नाकारलाय का, किंवा तिथल्या विमानतळावर वा सीमेवर प्रवेशाचा अर्ज मागे घेतलाय का, असं विचारलंय. 'आधीच्या पासपोर्टवर' आणि 'कधी', हे दोन शब्द तुमच्या बहिणीसारख्यांसाठीच आहेत. त्यामुळे नवा पासपोर्ट म्हणून 'नो' ह्याला काडीचा आधार नाही. उत्तर 'येस' आहे, नाकारल्याला कितीही वर्षं झाली तरी.

दुसरं, जुनं कोणाला दिसतंय असं एजंट म्हणाला ना, सगळं दिसतं. मुलाखतीच्या आधी बोटांचे ठसे घेतले होते आठवतं का, दहाही बोटांचे? ते त्यांच्याकडे आहेत. फोटो आहे, डीएस-१६० म्हणजे व्हिसाच्या अर्जाचा फॉर्म आहे, आईवडिलांची नावं आहेत, जन्मगाव आहे. ईस्टाच्या फॉर्मात परत आईवडिलांची नावं, जन्माचं शहर, दुसऱ्या कुठल्या देशाचं नागरिकत्व आहे किंवा होतं का, हे सगळं विचारतात. आणि समजा ईस्टा मंजूर होऊन आलं तरी नेवार्कला उतरल्यावर काउंटरवर परत बोटं ठेवायला लावतात. पासपोर्ट बदलला, नागरिकत्व बदललं, बोटं तीच आहेत ना.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं. २१४ बी म्हणजे बंदी नाही. त्यांच्या कायद्यात टुरिस्ट व्हिसा मागणारा प्रत्येक माणूस तिकडे कायमचा राहायलाच येतोय असं आधी गृहीत धरलेलं आहे, आणि तसं नाही हे आपण त्या खिडकीत पटवून द्यायचं असतं. नाही पटलं की २१४ बी. त्या दिवशीच्या परिस्थितीवरचा तो निर्णय, दुसऱ्या दिवशी परत अर्ज करायलाही कायद्याने आडकाठी नाही. पण खोटं लिहून सापडलं तर ते कलम वेगळं, २१२ ए ६ सी, जाणूनबुजून चुकीची माहिती देणं, आणि ते आयुष्यभराचं आहे. त्यातून सवलत मागता येते, पण ती प्रत्येक वेळी मागावी लागते आणि मिळेलच असं नाही. म्हणजे तो एजंट एका साध्या नकाराची आयुष्यभराची बंदी करून देत होता, आणि त्याचे पैसे घेत होता. मला ह्या लोकांचा मनापासून राग येतो, कारण भोगतात त्या आपल्या मुली.

रत्नदुर्ग

ताई तुम्ही म्हणता ते बरोबर असेल पण माझ्या ओळखीत एकाने 'नो' केलेलं आणि तो आरामात जाऊन आला, त्याला कोणी काही विचारलं नाही. सगळ्यांचंच सापडतं असं नाही ना.

कागदपत्रवाली

जाऊन आला म्हणजे सुटला असं नाही रत्नदुर्ग. ती खोटी माहिती त्यांच्या रेकॉर्डला तशीच पडून असते, तिला मुदत नाही. उद्या त्याला तिकडे नोकरी मिळाली, किंवा तिकडच्या मुलीशी लग्न ठरलं आणि ग्रीन कार्डचा अर्ज गेला, की सगळे जुने फॉर्म शेजारी शेजारी ठेवून बघतात. तेव्हा निघतं.

आणि उतरतानाच सापडलं तर काय होतं ते पण सांगते. व्हिसामाफीवर जाणारा माणूस ईस्टा भरतानाच एक गोष्ट मान्य करतो, की विमानतळावरच्या अधिकाऱ्याने प्रवेश नाकारला तर त्याविरुद्ध दाद मागायचा हक्क मी सोडतो. शरणार्थी म्हणून आसरा मागायचा असेल तेवढाच अपवाद. म्हणजे परतीच्या विमानात. आणि मग तो 'प्रवेश नाकारला' हा शिक्का बाकीच्या देशांच्या फॉर्मात लिहावा लागतो, नुसत्या व्हिसा नकारापेक्षा कितीतरी जड. लग्नाच्या साड्या घेऊन गेलेली मुलगी तिथल्या खोलीत रात्र काढून परत येते, हा विचार करा आणि मग सांगा कोणी काही विचारलं नाही म्हणून.

तेरेखोल_काठ

ताई खूप आभार. बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. आता प्रश्न असा, 'येस' केलं तर ईस्टा मिळतं का? की सरळ नाकारतात?

कागदपत्रवाली

खरं सांगू, २१४ बी असताना ईस्टा बहुतेक वेळा 'प्रवासाला परवानगी नाही' असंच येतं. काहींना मिळालंय, विशेषतः नकार खूप जुना असेल आणि मधे परिस्थिती पार बदललेली असेल तर, पण त्या भरवशावर तिकीट काढू नका. 'येस' केल्यावर पुढे कधी आणि कुठे ते विचारतात, तिथे साल, मुंबई, बी१/बी२ (म्हणजे तोच टुरिस्ट व्हिसा), २१४ बी, एवढं साधं लिहायचं. कहाणी लिहायची नाही.

नाही आलं तर घाबरायचं काही नाही. त्याचा अर्थ एवढाच की तुम्हाला व्हिसामाफीचा रस्ता नाही, रीतसर व्हिसा काढून या. ईस्टाच्या नकारावर अपील नसतं, त्यात वेळ घालवू नका. ती पोर्तुगीज नागरिक असली तरी राहते गोव्यात, त्यामुळे मुंबईच्या कॉन्सुलेटमध्येच बी१/बी२ चा अर्ज करता येईल. सप्टेंबर २०२५ पासून त्यांनी सांगितलंय की ज्या देशाचे नागरिक आहात किंवा जिथे राहता तिथेच अर्ज करा, हिला लिस्बन पण चालेल आणि मुंबई पण.

एक लक्षात ठेवा, डीएस-१६० मध्ये व्हिसामाफीवाल्या देशांच्या लोकांना ईस्टा कधी नाकारलंय का असाही प्रश्न असतो. तिथेही 'येस'. आणि जुना व्हिसा नकार, तिथेही 'येस'. दोन्हीकडे तेच साल, तेच शहर. तारखा जुळल्या पाहिजेत, म्हणून तो छापील कागद आणि जुन्या डीएस-१६० ची कॉपी असेल तर आधी शोधून काढा.

निळा_पडाव

मग ईस्टा भरायचंच कशाला? थेट व्हिसाला जावं. पैसे पाण्यात, वर एक नकार अंगावर. फी पण ३० सप्टेंबर २०२५ ला २१ डॉलरची ४० केली त्यांनी.

कागदपत्रवाली

ह्यावर मतं दोन आहेत आणि दोन्हीत तथ्य आहे. लग्नाला भरपूर वेळ असेल तर मी पण म्हणेन थेट व्हिसा, १८५ डॉलर फी आहे पण एकदा मिळाला की प्रत्येक वेळी ईस्टाची धाकधूक नाही. वेळ कमी असेल आणि अपॉइंटमेंट लांबची मिळत असेल तर आधी ईस्टा भरून बघायला हरकत नाही, उत्तर साधारण तीन दिवसांत येतं. ईस्टाचा नकार हा व्हिसाचा नकार धरला जात नाही. फक्त दोन्ही ठिकाणी खरं लिहायचं.

दर्यावर्दी

उशिरा लिहितोय, धागा आज बघितला. मी जहाजावर होतो, आता घरी बाणकोटला. आपल्या किनाऱ्यावरच्या पोरांसाठी दोनतीन गोष्टी टाकतो, कारण इथे घरटी कोणी ना कोणी बोटीवर किंवा आखातात आहे आणि त्यांच्यात पोर्तुगीज काढणारे पण आता वाढलेत.

एक, जहाज पकडायला अमेरिकेत जाणार असाल तर ईस्टा चालतच नाही, पासपोर्ट पोर्तुगीज असो नाहीतर जर्मन. क्रू म्हणून जायचं तर सी१/डी व्हिसाच लागतो. आणि सी१/डी कधी नाकारला गेला असेल तर तोही अमेरिकेचा व्हिसाच, मग पुढे फिरायला जाताना ईस्टाच्या त्या प्रश्नाला 'येस'. आमच्यातले बरेच जण टुरिस्ट व्हिसा नव्हता म्हणून 'नो' करतात. प्रश्नात टुरिस्ट असं कुठे लिहिलंय?

दोन, २२१ जी चा कागद. कोणाला मुलाखतीनंतर रंगीत कागद देतात, अमुक कागद आणा किंवा तपासणी चालू आहे म्हणून. तो कागदपत्र आणून दिल्यावर सुटतो, पण सुटेपर्यंत कायद्याने तो नकारच धरलेला आहे, त्यांच्या वेबसाइटवर स्टेटस पण तसाच दाखवतात. ज्यांचा तो तसाच अर्धवट राहिला, परत गेलेच नाहीत, त्यांनी पण 'येस' लिहायचं आणि २२१ जी म्हणून कारण द्यायचं.

तीन, ही फार कमी जणांना माहीत आहे. १ मार्च २०११ नंतर इराण, इराक, सीरिया, सुदान, लिबिया, सोमालिया, येमेन ह्यांपैकी कुठे जाऊन आला असाल तर व्हिसामाफी मिळत नाही, भले आयुष्यात कधी व्हिसा नाकारला गेला नसेल. उत्तर कोरिया पण त्यात आहे, आणि क्युबा १२ जानेवारी २०२१ नंतरचा. इराकात बसऱ्याला तेलाच्या कामावर गेलेले आपले किती लोक आहेत बघा. त्यांना व्हिसा काढावा लागतो, व्हिसा मिळतो, गुन्हा केला असं नाही, पण ईस्टाचा रस्ता बंद. तिथे पण 'गेलो नाही' असं लिहिणारे आहेत आणि पासपोर्टात शिक्के आहेत.

मालवणी_माणूस

बसऱ्याचा माका खराच म्हायत नव्हता. माझो चुलत भाव थय होतो, तेका आजच सांगतंय.

देवगड_किनारा

माझा प्रश्न जरा वेगळा पण विषय तोच. आमच्या आईबाबांना इंग्लंडचा व्हिजिटर व्हिसा नाकारला, भाऊ तिकडे असतो. पासपोर्ट भारतीयच आहेत, पोर्तुगीज वगैरे काही नाही. आता त्यांना ग्रुप टूरने थायलंड मलेशियाला पाठवायचंय कारण तिथे व्हिसा लागत नाही. टूरवाला म्हणतो यूके रिजेक्ट आहे म्हणजे तिथे पण अडवतील. आईने ऐकल्यापासून नकोच म्हणतेय, म्हणते म्हातारपणी परत कोणी तोंडावर नको म्हणायला नको.

कागदपत्रवाली

आईंना सांगा बिनधास्त जा. व्हिसामाफी ही त्या देशाने भारतीय पासपोर्टला दिलेली असते, तिचा इंग्लंडच्या निर्णयाशी संबंध नाही. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवस व्हिसाशिवाय येऊ दिलंय, ते २०२६ अखेरपर्यंत वाढवलंय. थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून दिलंय, पण त्यांचे दिवसांचे नियम मधेमधे बदलतात, निघायच्या आधी त्यांच्या दूतावासाच्या साइटवर बघूनच तिकीट काढा. दोन्ही देशांचं ऑनलाइन आगमन कार्ड भरावं लागतं, थायलंडचं १ मे २०२५ पासून सुरू झालं. त्यात पासपोर्ट, विमान, हॉटेल हे असतं, इंग्लंडने काय केलं ते विचारत नाहीत. उतरल्यावर परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि हाताशी पैसे, हे तिन्ही प्रिंट काढून पर्समध्ये ठेवायला सांगा, मोबाईलवर नको, म्हाताऱ्या माणसांचा तिथे गोंधळ होतो.

एक बघा मात्र, पासपोर्टवर ईसीआर आहे का, म्हणजे ठरावीक देशांत नोकरीला जायला सरकारी क्लिअरन्स लागतो असा शेरा. दहावी झालेली नसेल तर असतो, आणि थायलंड मलेशिया दोन्ही त्या यादीत आहेत. फिरायला जायला क्लिअरन्स लागत नाही पण आपल्याच विमानतळावर जास्त प्रश्न विचारतात, तेव्हा परतीचं तिकीट पुढे करायचं.

आडून फरक पडतो तो असा, की काही देश भारतीयांना अमेरिका इंग्लंडचा चालू व्हिसा हातात असेल तरच सवलत देतात, दुबईचा ऑन अरायव्हल, म्हणजे उतरल्यावर मिळणारा व्हिसा, त्यातलाच. तो व्हिसा नाकारला की ती सवलतही मिळत नाही. पण म्हणजे दुबई बंद असं नाही, साधा टुरिस्ट व्हिसा आधी काढायचा.

आणि पुढे कधी परत इंग्लंडला अर्ज कराल तेव्हा हा नकार लिहायचाच. ते तर कुठल्याही देशाने नाकारलेला व्हिसा विचारतात. लपवलं तर १० वर्षं अर्ज नाकारत राहतात.

देवगड_किनारा

आईला वाचून दाखवलं. म्हणाली मग बॅगेला कुलूप नवीन घेऊया. :)

स्विंडनची_सून

नमस्कार, मी मूळची वेंगुर्ल्याची, सासर डिचोलीचं आणि आता स्विंडनला. इथे आपल्या गोव्याकडचे एवढे लोक आहेत की बाजारात कोकणी ऐकू येते. पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांसाठी इकडचं आणि बाकी देशांचं लिहिते, बहिणीच्या मनात ती भीती आहे असं वाटलं म्हणून.

युरोपचं टेन्शनच घेऊ नका. भारतीय असताना शेंगेन (युरोपातल्या बहुतेक देशांचा मिळून एक) व्हिसा नाकारला गेला असेल तर ती नोंद त्यांच्या व्हिसा सिस्टीममध्ये ५ वर्षं राहते, पण ती व्हिसा मागणाऱ्यांसाठी. पोर्तुगीज नागरिक झाल्यावर तिथे ती पाहुणी नाहीच, तिचा तो हक्क आहे. युरोपचं नवीन ईटिआस, म्हणजे ईस्टासारखीच ऑनलाइन परवानगी, येणार येणार म्हणून ऐकाल, ते युरोपियन नागरिकांना नाही.

इंग्लंडला २ एप्रिल २०२५ पासून युरोपियन लोकांना ईटीए काढावं लागतं, तीही ईस्टासारखीच ऑनलाइन परवानगी. आधी यूकेचा व्हिसा नाकारला म्हणून ईटीए आपोआप नाकारायचा असा नियम नाही. गुन्हा, फसवणूक, जास्त दिवस राहून जाणं हे बघतात. ज्यांना इथे सेटल्ड स्टेटस, म्हणजे कायम राहायचा हक्क, आहे त्यांना ईटीए लागतच नाही.

खरी गंमत कॅनडात आहे, म्हणजे सावध राहायची जागा. पोर्तुगीज पासपोर्टला तिथे व्हिसा नाही, फक्त ईटीए, ७ कॅनेडियन डॉलर. पण त्यांच्या फॉर्मात कॅनडा किंवा इतर कुठल्याही देशाने व्हिसा किंवा प्रवेश नाकारलाय का असं विचारतात. म्हणजे अमेरिकेचा २१४ बी तिथेही लिहायचा. माझ्या नणंदेने लिहिला होता, थोडे दिवस लागले, एक ईमेल आली स्पष्टीकरण मागणारी, तिने दोन ओळीत उत्तर दिलं आणि मंजूर झालं. लिहिला नसता आणि त्यांना कळलं असतं तर कॅनडात खोट्या माहितीला ५ वर्षांची बंदी आहे. आणि त्यांना कळतं, अमेरिका, कॅनडा, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड एकमेकांत ठसे तपासून घेतात.

तर प्रत्येक ठिकाणी प्रश्न वेगळा असतो. अमेरिका फक्त अमेरिकेचं विचारते, कॅनडा जगाचं. जेवढं विचारलंय तेवढ्याचं खरं उत्तर द्यायचं. न विचारता आपणहून जुनी कर्मकहाणी सांगत बसायची पण गरज नाही.

निळा_पडाव

एक शंका. ह्या मुलीचं नाव दोन्ही पासपोर्टांवर सारखं आहे का? लग्न झालेल्यांचं आणि पोर्तुगीज कागदावर जुन्या नोंदीतलं स्पेलिंग आलेल्यांचं नाव बदललेलं असतं. मग तर कळणारच नाही.

कागदपत्रवाली

कळतंच. आणि ईस्टात दुसऱ्या कुठल्या नावाने ओळखले जाता का असा वेगळा प्रश्न आहे, तिथे जुन्या पासपोर्टवरचं नाव लिहायचं. ते रिकामं ठेवलं तर आणखी एक लपवलेली गोष्ट होते. जुन्या नोंदीतलं स्पेलिंग वेगळं असणं हा काही तिचा दोष नाही, तो त्या वेळच्या कारकुनाचा. पण न लिहिणं हे तिच्याकडे लागतं. तेरेखोल दादा, हे नक्की तपासा.

तेरेखोल_काठ

अपडेट देतोय. नाव वेगळं आहे ताई, आडनावाचं स्पेलिंग पोर्तुगीज कागदावर दुसरं आहे, तुम्ही सांगितलं नसतं तर राहिलंच असतं. ईस्टा आम्ही घरी बसून स्वतः भरलं, बहिणीने प्रश्न मोठ्याने वाचला आणि स्वतःच्या हाताने 'येस' केलं. तो २१४ बी चा कागद आईने देवाच्या कपाटात जपून ठेवला होता, का ते तिचं तिला माहीत, पण त्यामुळे तारीख अचूक मिळाली.

आधी पेंडिंग, मग 'प्रवासाला परवानगी नाही' असं आलं. बहीण थोडी रडली. पण तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून धक्का बसला नाही, आणि बाबा, जे एजंटच्या बाजूचे होते, तेच म्हणाले की चल व्हिसाचा अर्ज टाकूया, मी येतो मुंबईला. डीएस-१६० भरलं, ईस्टाचा नकार, जुना नकार, जुनं नाव, जुनं नागरिकत्व, सगळं लिहिलं. अपॉइंटमेंट लग्नाच्या आधीची मिळाली.

आता मुलाखतीत काय विचारतील आणि काय न्यायचं तेवढं सांगा. मागच्या वेळची ती जाड फाईल परत न्यायची का?

दर्यावर्दी

फाईल ने, पण ती उघडतील ह्या आशेवर राहू नको. ते कागदापेक्षा बोलणं बघतात. मागच्या वेळी नाकारलं का असं विचारलं तर "तेव्हा मी नुकती शिकून बाहेर पडले होते, नोकरी नव्हती" एवढंच, तेव्हा चूक झाली, अन्याय झाला असलं काही नको. मग लगेच आता काय आहे ते. नोकरी किती वर्षं, पगार किती, रजा किती दिवसांची मंजूर, परत कधी रुजू व्हायचं.

कागदपत्रवाली

बरोबर. सातबारा बाबांचा आहे, तिचा नाही, त्याला फार अर्थ नाही. तिचं नोकरीचं पत्र, रजेचं पत्र, पगाराच्या स्लिपा आणि लग्नपत्रिका, हे वर ठेवा. जुना भारतीय पासपोर्ट रद्द होऊन परत मिळाला असेल तर तो आणि सरेंडर सर्टिफिकेट बरोबर असू द्या, नागरिकत्व कसं बदललं हा प्रश्न हमखास येतो आणि पोर्तुगीज पासपोर्टवर जन्मस्थान सावंतवाडी बघून काही अधिकारी बुचकळ्यात पडतात. "माझे आजोबा १९६१ च्या आधी पोर्तुगीज गोव्यात जन्मले, त्यांच्याकडून मला नागरिकत्व मिळालं" हे एक वाक्य तिने इंग्लिशमध्ये पाठ नाही, पण तोंडात बसवून जावं. एवढं असताना युरोपात का राहत नाहीस असंही विचारतील. त्याचं उत्तर तिचं तिनेच द्यायचं, मनापासून, कारण तेच उत्तर ती गोव्यात परत का येणार ह्याचंही आहे.

रत्नदुर्ग

एक विचारू का. व्हिसा मिळाला तर पुढच्या वेळी ईस्टात हा नकार लिहायचा की नाही? मिळाला म्हणजे आधीचा पुसला गेला ना?

कागदपत्रवाली

पुसला जात नाही. व्हिसा चालू आहे तोपर्यंत ईस्टा लागणारच नाही, त्यामुळे प्रश्न येत नाही. व्हिसा संपल्यावर कधी ईस्टा भरलं तर परत 'येस', आणि पुढच्या तपशिलात अमुक साली मुंबईत २१४ बी, नंतर अमुक साली बी१/बी२ मंजूर, असं दोन्ही लिहायचं. व्हिसा घेऊन वेळेत जाऊन आलेल्या माणसाला त्यानंतर ईस्टा मिळाल्याची उदाहरणं मी स्वतः बघितली आहेत.

तेरेखोल_काठ

समजलं. आजोबांवालं वाक्य बहिणीला पाठवलं, आता ती आणि बाबा ओटीवर बसून मुलाखतीची तयारी करतायत, बाबा अधिकारी झालेत. गाडीचं आरक्षण झालंय. मुलाखत झाली की इथेच लिहितो.